राणीच्या पट्ट्यातली किल्ली

ऑसबरी
सोमवार, ९ मार्च

प्रिय गिडियन,

सप्टेंबरच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची लिहिली. आई आपल्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवायची तेव्हाचा नियम तुला आठवत असेल: चूक सापडली की आधी चूक मोठ्याने वाचायची, मग बरोबर काय ते सांगायचं. म्हणून आधी चूक. मी लिहिलं होतं की बाबांनी तुझी घराची किल्ली बाजारात उभ्या केलेल्या त्यांच्या लोखंडी पुतळ्याच्या, राणीच्या, कमरपट्ट्यात जोडून टाकली. बरोबर ते असं: राणीच्या पट्ट्यात एक किल्ली आहे, पण ती तुझी नाही. तुझी किल्ली बाबांच्या कोटाच्या खिशात असते आणि रोज संध्याकाळी ते तिनेच पुढचं दार उघडतात.

मला हे शनिवारी कळलं. फ्रॅडलीबाईंचं फाटक दुरुस्तीला आणलं होतं आणि बाबांचे दोन्ही हात त्यात अडकलेले. ते म्हणाले, "खिशातून किल्ली काढ पोरी, वजन वाढत चाललंय." मी काढली. दांड्यावर हातोड्याचा तो चपटा घाव माझ्या अंगठ्याला जाणवला. घरच्या रीतीप्रमाणे एकविसाव्या वाढदिवसाला तुला ती किल्ली मिळाली आणि त्याच संध्याकाळी तू तिच्या दातांनी सायडरची बाटली उघडायला गेलास. बाबांनी दात सरळ करताना पडलेला तो घाव. दुसऱ्या कुठल्या किल्लीवर तो असणं शक्य नाही. तरी मी दिव्याखाली नेऊन पुन्हा पाहिली. बाबा फाटक घेऊन पावसात उभे होते. म्हणाले, "दार उघडायचंय, किल्लीशी लग्न नाही करायचं."

माझी चूक कशी झाली तेही सांगते. उद्घाटनाच्या दिवशी मी राणीच्या खाली गर्दीत उभी होते. तिथून पट्ट्यातल्या किल्लीची फक्त कडी आणि थोडा दांडा दिसतो. तशा किल्ल्या आपल्या घरात दोनच. तू तुझी ऐरणीवर ठेवून गेलास, आणि दुसऱ्या दिवशी ती ऐरणीवर नव्हती. मी दोन आणि दोन चार केले. ते चार नव्हते. आणि पुढचं दार मी कधी उघडतच नाही, आई आणि मी मागच्या दाराने ये-जा करतो. पण ही सबब आहे, उत्तर नव्हे.

मी ते लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं तुला बरं वाटेल, की तुझं काहीतरी राणीच्या अंगावर आहे. मग तू आईला फोनवर म्हणालास, "म्हणजे दार कायमचंच बंद झालं." आणि तेव्हापासून माझ्या एकाही पत्राला उत्तर नाही. म्हणून ही दुरुस्ती मला आधी करायची होती, बाकी सगळं नंतर.

मी आईला विचारलं. ती तव्यावर ओटची धिरडी उलटत होती.

"तुला ठाऊक होतं, बाबा गिडियनची किल्ली वापरतात?"

"दीड वर्ष वापरतायत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

"आता विचारते. मग पट्ट्यातली किल्ली कुणाची?"

"चढून बघ. शिडी घरचीच आहे."

बाजारात, भर दिवसा, नगरपालिकेला न विचारता मी राणीवर चढणं शक्य नाही, हे तिलाही माहीत आहे. पण ईस्टरच्या आदल्या शनिवारी राणीचं पहिलं स्नान आहे आणि त्या दिवशी शिडी माझ्याकडेच असेल. तोवर मी तर्क करणार नाही. एकदा केला तेवढा पुरे.

तुझी,
हेस्टर


ऑसबरी
रविवार, २२ मार्च

प्रिय गिडियन,

आई आत्ताच तुझ्याशी फोनवर बोलून उठली. तिने तुझा निरोप जसाच्या तसा दिला: "हेट्टीला सांग, पत्र मिळालं." एवढाच. मी विचारलं, आवाज कसा होता? आई म्हणाली, "लर्विकच्या बेटावरून येतो तसा. वाऱ्याचा." तुझा फोन आला की बाबा कोळसा आणायला जातात. आता कोळशाच्या कोठीत कोळसा ठेवायला जागा उरलेली नाही.

तुला राणीच्या उजव्या हाताबद्दल सांगायचं राहून गेलं. तलवार आता हातात नाही.

ऑक्टोबरमध्ये वळणावर एका बसचा आरसा तिला लागला. चूक बसची नव्हती. तलवार रस्त्यावर येते हे तू पुतळा समितीच्या पहिल्याच बैठकीत सांगितलं होतंस, मी तिथे होते. नगरपालिकेने तलवार उतरवायला सांगितली. मला वाटलं कापावी लागेल. बाबा शिडीवर चढले, हातोड्याने एक खीळ ठोकून बाहेर काढली, तलवार वर उचलून घेतली आणि खांद्यावर टाकून घरी आले. सगळं अंग सांधून पक्कं केलेलं, तलवारच तेवढी खिळीवर. मी विचारलं नाही. हल्ली ती कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभी आहे आणि तिच्यावर वाटाण्याचा वेल चढवायचा आईचा बेत आहे.

तर हात रिकामा. मूठ वळलेली आणि मुठीत वरून खाली आरपार भोक. गावाला हे सहन झालं नाही. आधी कुणीतरी चिप्सचा कागदी पुडा खोचला. मग छत्री. पॅनकेकच्या मंगळवारी तवा. फुटबॉलचा सामना हरलो त्या दिवशी काळा मोजा. मागच्या रविवारी, मातृदिनी, डॅफोडिलची एवढी मोठी जुडी, की पाद्रीबाई म्हणाल्या, "एथेलफ्लेडला एकच मुलगी होती, पण फुलं बघा." त्या अजूनही प्रत्येकाला सांगतात की तिला राणी म्हणू नका, मर्सिया राज्याची स्वामिनी म्हणा. सगळे मान डोलावतात आणि राणी म्हणतात.

'सगळे' म्हणणं चूक. मिस्टर हीप्स 'स्वामिनी' म्हणतात, पण ते समितीचे अध्यक्ष आहेत.

मंगळवारी समितीची बैठक झाली. मी चहा द्यायला होते म्हणून ऐकलं. मिस्टर हीप्स बाबांना म्हणाले, "क्लेमेंट, नवी तलवार करून टाक. जरा आखूड. जूनपर्यंत."

बाबा म्हणाले, "तलवारीचं माझं झालं."

"मग दुसरं काय देतोस हातात?"

"दुसरं चित्र माझं नाही."

"मग कुणाचं?"

बाबांनी टोपी घातली. "खुंटी-दोरीवाल्याचं. तुम्हीच हसला होतात त्याला." आणि निघून आले. त्यांचा चहा तसाच राहिला, मीच प्यायले.

गिडियन, मला ती संध्याकाळ आठवते. तू चित्र टेबलावर पसरलंस: राणीच्या मुठीतून खाली उतरणारी दोरी, तिच्या टोकाला लोखंडी खुंटी. तू म्हणालास, हिने लढाया केल्या असतील, पण आपल्या गावाला ती आठवते ती तट बांधणारी म्हणून, आणि तटाची पहिली रेघ खुंटी-दोरीनेच आखतात. आणि मिस्टर हीप्स म्हणाले, "राणी काय कपडे वाळत घालायला निघालीय?" सगळे हसले. बाबाही हसले. तू त्यांच्यावर चिडलास ते त्या हसण्यामुळे, समितीने तलवारीला मतं दिली म्हणून नाही, असं मला वाटतं. हे माझं वाटणं आहे. चूक असेल तर कळव. मग भट्टीशी बाबा म्हणाले, माझ्या छपराखाली ठरेल तेच होईल, नसेल पटत तर किल्ली ठेव. आणि तू ठेवलीस.

आईला मी म्हटलं, तू बोल ना दोघांशी. ती म्हणाली, "मी दोघांना वाचायला शिकवलं, बेरजा शिकवल्या. भांडण मिटवणं त्या वर्षीच्या अभ्यासात नव्हतं."

एकवीस वर्षांची होत आले मी, महिन्याभरात. बाबा माझ्यासाठी किल्ली करताहेत. मला ती हवी आहे आणि नकोही आहे, कारण माझी झाली की दाराला पुन्हा दोन किल्ल्या होतील आणि कुणी मोजणार नाही की एक माणूस कमी आहे.

हेस्टर


ऑसबरी
ईस्टर, रविवार, ५ एप्रिल

प्रिय गिडियन,

चढले.

क्रमाने सांगते, नाहीतर मी काहीतरी गाळीन. बाबांनी उद्घाटनाच्या दिवशीच गावाला बजावलं होतं की हे लोखंड आहे, दर वसंतात धुऊन मेण लावलं नाही तर गंजेल. नगरपालिका एक माणूस पाठवेल असं सगळ्यांना वाटलं. पण राणीचा झगा गावातल्या घराघराने दिलेल्या लोखंडाचा, आणि आपल्या लोखंडाला परक्याने हात लावावा हे कुणाला पटेना. काल सकाळी अख्खा बाजार बादल्या घेऊन हजर. प्रत्येक घर आपापला तुकडा घासत होतं. फ्रॅडलीबाई त्यांच्या आजीच्या इस्त्रीला साबण लावत होत्या आणि शेजारच्या खाटकाला म्हणत होत्या, "तुझा आकडा माझ्या इस्त्रीवर गंज गाळतोय, पूस आधी." तो म्हणाला, "बाई, तुमच्या इस्त्रीने आयुष्यात एक कॉलर सरळ केली असेल तर शपथ." शाळेची मुलं घंटेच्या लोलकासाठी भांडत होती. एक म्हातारे गृहस्थ नुसतेच एका सायकलच्या साखळीवर हात ठेवून उभे होते, आणि त्यांना कुणी घाई केली नाही.

कमरेच्या वरचं काम माझ्याकडे. शिडी बाबांनी धरली. मी आधी पट्टा धुतला, राणीचं तोंड पुसायच्या आधी, हे क्रम सोडून झालं, पण माझ्याने धीर धरवेना.

किल्लीची कडी एका बाजूला झिजून दोऱ्यासारखी झाली आहे. तीस-पस्तीस वर्षं एकाच खिळ्याला अडकवली की होते तशी. दांडा साफ, घाव नाही. आणि दांड्याच्या आतल्या बाजूला आजोबांचा ठसा आहे. तुझ्या किल्लीवर तो नाही, तुझी बाबांनी केली. तेव्हा पट्ट्यातली किल्ली बाबांची स्वतःची. आजोबांनी त्यांना एकविसाव्याला दिलेली.

मी खाली पाहिलं. बाबा शिडी धरून लांब बघत होते.

"बाबा, ही तुमची."

"कोण?"

"किल्ली."

"मग? प्रत्येकाने एक लोखंड द्यायचं होतं. मी काय गावचा नाही?"

"घरात इतकं लोखंड पडलंय."

"ते भंगार. भंगार काय कुणीही देतो." मग शिडीचा पाय सरळ करत, "आणि दारापुरती एक होती की घरात. पडून होती. वापरली नाही तर किल्ली गंजते."

मी राणीच्या हाताकडे वळले. मुठीत मेण घालायला बोट घातलं आणि थांबले. गिडियन, ते भोक आतून गुळगुळीत आहे. वरची कड गोल केलेली, खालची कड गोल केलेली, मधलं अंग कानशीने आणि मग पॉलिशच्या कागदाने घासलेलं. तलवारीसाठी कुणी हे करत नाही. तलवार उलट घट्ट बसायला आत खरखरीत हवं. आतून असं घासतात ते दोरी ओवायची असेल तर, नाहीतर कड दोरी कापते. हे मला बाबांनीच शिकवलंय, आणि तुलाही. म्हणजे तू गेल्यावर, तलवार करत असतानाच, त्यांनी हात तुझ्या दोरीचा केला आणि तलवार खिळीवर टांगली.

मी हे मोठ्याने म्हटलं नाही. मी शिडीवर होते आणि शिडी त्यांच्या हातात होती.

पुढचं मी ठरवून केलेलं नाही, हे आधी लिहिते. मेणाची फडकी ओली झाली, वाळत घालायला जागा नव्हती. फ्रॅडलीबाईंनी बादलीला बांधलेली सुतळी सोडली आणि मला ओरडून म्हणाल्या, "हेट्टी, तिच्या मुठीतून घाल गं, दुसरं टोक दिव्याच्या खांबाला." मी घातली. सरसर खाली आली, कुठे अडकली नाही. त्यावर फडकी लागली, मग कुणाचा तरी ॲप्रन, मग एक मोजा. तो फुटबॉलचा काळा मोजाच होता बहुतेक. राणी बाजाराच्या मधोमध उभी, मुठीतून दोरी, दोरी ताणलेली.

मिस्टर हीप्स आले. बघत राहिले. आता ते रागावणार म्हणून मी शिडीवरून अर्धी उतरले.

ते म्हणाले, "फडकी काढा जरा."

फ्रॅडलीबाईंनी कुरकुरत काढली. उरली नुसती दोरी, राणीच्या मुठीपासून खांबापर्यंत सरळ. मिस्टर हीप्स डोकं एका बाजूला कलवून बघत होते. मग ते बाबांना म्हणाले, "कपडे वाळत घालतेय असं मी म्हणालो होतो."

"म्हणालात."

"वाटत नाही तसं."

"फडकी काढल्यावर नाही वाटत," बाबा म्हणाले.

"मुलगा कधी येतोय तुझा?"

बाबा म्हणाले, "मी त्याला जा म्हटलं होतं. आता ये म्हणायला तोंड कुठलं आणू?" हे ते मिस्टर हीप्सना म्हणाले, पण गिडियन, बघत ते दोरीकडे होते आणि मी वर शिडीवर होते, म्हणून मला पक्कं माहीत आहे.

हे मी जसंच्या तसं लिहिलंय. यात माझा तर्क एकही नाही.

हेस्टर


ऑसबरी
मंगळवार, १४ एप्रिल

प्रिय गिडियन,

परवा फोन ठेवून आई बाहेर आली आणि म्हणाली, "तो विचारतोय, भोक केवढं आहे."

मी तिला दोनदा विचारलं की हेच शब्द का. हेच. मी लगेच कोट घालून बाजारात गेले आणि राणीच्या चौथऱ्यावर चढले. होय, नगरपालिकेला न विचारता. पाद्रीबाईंनी पाहिलं आणि हात हलवला. भोकात माझा अंगठा मुळापर्यंत जातो आणि जरा हलतो. बाबांचा जात नाही. तुझा जेमतेम जाईल. दोरी त्याच मापाची लागेल.

आई असंही म्हणाली की तिने तुला विचारलं, मग येतोस का? आणि तू म्हणालास, "मला कुणी बोलावलंय?" मी हसले, कारण हे अगदी बाबांसारखं होतं, आणि मग मला हसल्याचं वाईट वाटलं, आणि मग पुन्हा हसू आलं. आई म्हणाली, "दोघांना एकाच साच्यातून काढलंय आणि साचा मीच धरला होता, माझीच चूक."

माझी किल्ली झाली. काल बाबांनी शेवटचा दात घासला. नमुन्याला तुझीच किल्ली समोर ठेवली होती. ते म्हणाले, "घाव सोडून सगळं सारखं. तुला हवा असेल तर घावही घालतो." मी नको म्हटलं. दारात घालून फिरवून पाहिली, एका फेऱ्यात उघडलं. बाबांनी ती पुन्हा घेऊन ठेवली, वाढदिवसाला मिळेल. आई शेरीचा केक करणार आहे आणि फ्रॅडलीबाई येणारच आहेत, बोलावलं नाही तरी.

मग बाबांनी तुझी किल्ली घेतली, तेलाच्या चिंधीने पुसली आणि ऐरणीवर ठेवली. तू ठेवली होतीस तिथेच, उजव्या कडेला. कालपासून ती तिथे आहे. आज दिवसभर त्यांनी ऐरणीवर काम केलं नाही. फ्रॅडलीबाईंच्या फाटकाची बिजागरी बाकावर ठोकली, वाकडी आली, पुन्हा ठोकली. मी म्हटलं, "किल्ली बाजूला ठेवू का?" ते म्हणाले, "राहू दे. उचलायची त्याने उचलावी."

"तो इथे नाही, बाबा."

"ते मला दिसतंय."

मी झाडू मारत होते. ऐरणीभोवती झाडलं. ते भात्याकडे तोंड करून म्हणाले, "बोटीत जेवण मिळतं का गं?"

"कुठल्या बोटीत?"

"कुठल्याही. ॲबर्डीनहून जातात त्या. सहज विचारलं."

"मिळतं."

"धिरडी घेऊन जावीत तरी. बोटीतलं बेकन कसलं असतं कोण जाणे."

एवढंच. त्यांनी मला जा म्हटलं नाही, हे मी स्पष्ट लिहिते, नाहीतर तू म्हणशील बाबांनी पाठवलं. त्यांनी पाठवलेलं नाही. तुला बोलावलंही नाही, त्यांना ते येत नाही. मी बोलावते आहे. मी या घरात बिस्किटसुद्धा विचारून घेते, तुला माहीत आहे. पण एकविसाव्या वाढदिवशी घराचं दार माणसाच्या हातात येतं. तेव्हा कुणासाठी उघडायचं हेही थोडं माझ्या हातात येतं, असं मी धरून चालले आहे. चूक असेल तर तूच दुरुस्त कर, पण समोर उभा राहून कर.

हे पत्र तुला आधी पोहोचावं म्हणून आजच टाकते. म्हणजे लर्विकच्या धक्क्यावर उभं राहायचं की नाही हे ठरवायला तुला वेळ मिळेल. उभा नसलास तर मी तू काम करतोस त्या बोटींच्या कारखान्यापर्यंत विचारत येईन. विचारायची मला सवय आहे. सोबत एक डबा धिरडी असतील, राणीच्या भोकाचं माप सुतळीला गाठ मारून आणलेलं असेल, आणि किल्ली. परत येताना तीच किल्ली तू दारात घालायची. बाबा त्या वेळी कोळसा आणायला गेलेले असतील, पण कोठी भरलेली आहे, तेव्हा लांब कुठे जाणार नाहीत.

केक कापून झाला की मी भट्टीत जाईन, कुणालाही न विचारता तुझी किल्ली ऐरणीवरून उचलीन आणि दुपारच्या गाडीने निघेन: शनिवारी, पंचवीस एप्रिलला.

हेस्टर